इतर हक्कांतली आजी

शेतकरी घरातल्या म्हातारीचं चरित्र कोणी लिहीत नाही, पण त्याची टिपणं तलाठ्याच्या दप्तरात सापडतात. फेरफाराच्या वहीत ती साधारण तीनदा येते. बाप वारल्यावर, भावांसाठी हक्क सोडणारी बहीण म्हणून. नवरा वारल्यावर, वारस म्हणून. आणि स्वतः वारल्यावर, नाव कमी करण्यासाठी. मधल्या साठ-सत्तर वर्षांचा पत्ता सातबाऱ्यावर लागत नाही. गाव नमुना बारामध्ये पीक कोणतं आणि किती क्षेत्रावर, हे लिहितात. खुरपलं कोणी, वेचलं कोणी, हे विचारायची रीत नाही.

यातली दुसरी नोंद नीट वाचावी. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवा, मुलगे, मुली आणि मयताची आई यांना वारसांच्या एकाच वर्गात बसवलं. तरीही जुने उतारे काढले की कितीदा तरी मुलांची नावं कब्जेदार सदरी आणि आई नि बहिणी 'इतर हक्कां'त दिसतात. सोसायटीचा बोजा याच रकान्यात चढतो. जिने ते कर्ज फेडायला म्हशी राखल्या, दूध घातलं, ती कागदावर कर्जाच्याच ओळीत बसलेली.

यावर ठरलेलं उत्तर येतं: कागदाचं काय घेऊन बसलात? घरात आजीचा शब्द मोडायची कोणाची टाप होती? हे उत्तर खोटं नाही, म्हणून ते तपासायला हवं.

आजीची सत्ता खरी होती आणि ती बियाण्यापासून सुरू व्हायची. कोणती कणसं पेरणीसाठी बाजूला काढायची, ते तीच ठरवी. दाणे राखेत घोळून, वर कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात भरायचे आणि तोंड शेणामातीने लिंपून टाकायचं. घरात दळायला दाणा उरला नाही तरी त्या मडक्याला हात लावायचा नाही, हा हुकूम तिचा आणि तो घरधन्यालाही लागू. मग १९६४ साली ज्वारीचा पहिला संकरित वाण आला, १९७० मध्ये संकरित कपाशी आली, २००२ मध्ये बीटी. पिकं वाढली, पोटं भरली. त्याबद्दल तक्रार करणं कृतघ्नपणाचं होईल. पण संकरित पिकाचा दाणा पुढच्या साली पेरला तर तेच गुण उतरत नाहीत. बियाण्याची पिशवी दरसाल दुकानातून आणावी लागते. दुकानात जाणार पुरुष, उधारीच्या वहीत नाव त्याचं. मडकं रिकामं झालं आणि आजीचं एक खातं कोणी न काढता गेलं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपलं, त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. गौरव रास्तच होता. पण एके काळी हे घरोघरच्या बायांचं रोजचं काम होतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

दुसरी सत्ता रोकड्याची. ती अनेकींना मिळाली बाहत्तरच्या दुष्काळात. लाल मिलो आणि सुकडी खाऊन बायांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली. घरच्या शेतात जन्मभर राबून न मिळालेला पगार परक्या मुकादमाने हातावर ठेवला. त्या पिढीच्या म्हाताऱ्या दुष्काळाचे हाल सांगतात आणि त्याच दमात हजेरीपटावर आपलं नाव होतं, हेही सांगतात.

ही सत्ता टिकायची मात्र दुसऱ्यांच्या आधारावर. नवरा जिवंत असेपर्यंत, मुलं एका चुलीवर असेपर्यंत, डोळ्यांना दिसतंय तोवर. भाऊ वेगळे निघाले की भांडी वाटली जातात, बैल वाटले जातात आणि आईची पाळी लागते: दोन महिने थोरल्याकडे, दोन महिने धाकट्याकडे. काल जिच्याकडे कोठीच्या किल्ल्या होत्या, ती आज गाठोडं घेऊन या ओसरीवरून त्या ओसरीवर.

आणि एक बोलायला अवघड गोष्ट. जमिनीवर हक्क नसलेल्या बाईला हुकूम चालवायला जागा कुठे होती? तिच्याहून खाली घरात एकच माणूस होतं, सून. सासुरवासाला आपण स्वभाव म्हणतो, 'बाईच बाईची वैरीण' म्हणून मोकळे होतो. मला तो मालमत्तेचा प्रश्न वाटतो. जिच्या नावावर काही नाही, तिची सगळी मिळकत म्हणजे मुलगा. तो सुनेकडे वळला की हिची म्हातारपणाची तरतूद गेली. अशी बाई उदार कशी होणार?

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मी हे पाहिलं आहे. हक्कसोडपत्र करायला आलेल्या दोघी बहिणी बाकावर, मधे आई. थोरलीने कागद नीट वाचून दाखवा म्हटलं, तर आईनेच तिचा हात दाबला: "भावाला दुखवू नको गं. माहेर बंद होईल." यंत्रावर अंगठे उमटले, फोटो निघाले. भावाने बाहेर सगळ्यांना चहा पाजला, दिवाळीला साडीचोळी ठरलेलीच. मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क देणारी २००५ ची दुरुस्ती, ती सर्व मुलींना लागू असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निवाडा, सगळं त्या बाकावर निमूट बसून होतं. आईला दोष देता येत नाही. तिला त्याच लेकाच्या दारी पाळी काढायची होती.

प्रश्न मालमत्तेचा आहे, हे ओळखलं होतं शेतकरी संघटनेने. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम मांडला: नवऱ्याने जिवंतपणी थोडी तरी जमीन बायकोच्या नावे करावी. हे उपकार म्हणून करायचं नव्हतं, देणं फेडायचं होतं. हजारो घरांनी ते केलं. पुढे १९९२ मध्ये शासनानेही पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची वाट मोकळी केली. तरी २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या शंभर वहिवाट खात्यांपैकी बायकांची जेमतेम चौदा होती.

दोन एकर नावावर असली म्हणून म्हातारीचं दुखणं थांबत नाही, हे मान्य. पण घरातला सूर बदलतो. सांभाळण्याची अट घालून दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मागता येते, अशी सोय २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात आहे. मात्र परत मागायला आधी काही दिलेलं असावं लागतं, आणि द्यायला आपलं म्हणून काही असावं लागतं.

दशक्रियेच्या दिवशी आजीच्या कष्टांची गाथा सांगणारे पुष्कळ भेटतात. त्या स्तुतीने हिशेब चुकता झाला असं मानायची आपल्याला सवय लागली आहे. तिच्या हयातीत तलाठ्याकडे अर्ज घेऊन जाणारा एक जण घरात निघाला, तर लेकीचा हात दाबण्याची आणि सुनेवर पहारा ठेवण्याची गरज पुढच्या म्हातारीला थोडी कमी पडेल.