अभिजात ग्रंथ कोण ठरवतं?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. रंगनाथ पठारे समितीने २०१३ मध्ये दिलेला अहवाल अखेर फळाला आला. भाषेचं वय आणि तिची श्रीमंती सिद्ध करण्यासाठी आपण जे ग्रंथ पुढे केले, त्यांत हालाची ‘गाथासप्तशती’ होती, म्हाइंभटांचं ‘लीळाचरित्र’ होतं. पण दीडशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या शिकल्यासवरल्या मराठी माणसाला आपल्या वाङ्मयाचे मानबिंदू विचारले असते, तर या दोहोंपैकी एकाचंही नाव त्याच्या तोंडी क्वचितच आलं असतं. ‘गाथासप्तशती’ची चिकित्सक आवृत्ती आल्ब्रेख्त वेबर या जर्मन पंडिताने १८८१ मध्ये लाइपझिगला छापली. स. आ. जोगळेकरांची मराठी आवृत्ती यायला १९५६ साल उजाडलं. ‘लीळाचरित्र’ तर महानुभाव पंथाच्या सांकेतिक लिपीत बंद होतं. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी ती लिपी उलगडली आणि त्यानंतरच तेराव्या शतकातलं ते अस्सल गद्य हळूहळू पंथाबाहेरच्या वाचकांपर्यंत पोचलं.

ग्रंथ तेच होते, त्यांची योग्यताही तेवढीच होती. मग मधल्या काळात बदललं काय? कुणीतरी प्रत राखली, कुणीतरी ती छापली आणि कुणीतरी ती वर्गात शिकवली. कोणत्याही समाजाचं अभिजात साहित्य या तीन हातांतून जातं. गुणवत्ता लागतेच, पण नुसत्या गुणवत्तेवर कोणताही ग्रंथ पिढ्या ओलांडून येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिला हात प्रत राखणाऱ्याचा. ‘ज्ञानेश्वरी’ लिहून झाल्यावर तीनशे वर्षांत तिच्या नकलांमध्ये बरेच पाठभेद शिरले होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि त्यात कुणी आपली ओवी घालू नये, असं बजावलं. आपल्याकडचं हे संपादनाचं पहिलं मोठं काम. पुढे १९०९ मध्ये राजवाड्यांनी एका जुन्या पोथीवरून निराळा पाठ प्रसिद्ध केला, अभ्यासकांनी त्याची दखलही घेतली. पण पारायणाला बसणाऱ्यांच्या मनात एकनाथांनी शुद्ध केलेलीच ‘ज्ञानेश्वरी’ राहिली.

दुसरा आणि तिसरा हात एकोणिसाव्या शतकात एकत्र आले, आणि ते सरकारचे होते. १८५४ मध्ये परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी ‘नवनीत’ हा मराठी कवितेच्या वेच्यांचा संग्रह सिद्ध केला. शिक्षणखात्याने तो हाती धरला. पुढच्या कित्येक पिढ्यांना मराठी कविता म्हणजे काय, हे या एका पुस्तकाने शिकवलं. मुकुंदराज, ज्ञानदेव, तुकाराम, वामन, मोरोपंत ही नावं आपल्याला ज्या ओळीत म्हणून दाखवता येतात, ती ओळ लावण्यात ‘नवनीत’चा वाटा फार मोठा आहे. गोडबोल्यांची रसिकता खरी होती आणि त्यांचे कष्ट अपार होते. पण ते शास्त्री होते, ज्या पोथ्या त्यांच्यासमोर होत्या त्यांतूनच ते वेचे काढणार होते. सांकेतिक लिपीतला महानुभाव त्यांच्या संग्रहात येणार कुठून?

तुकोबांच्या गाथेचा प्रवास तर जवळून पाहण्यासारखा आहे. मुंबई सरकारने ती छापण्याच्या कामासाठी २४ हजार रुपये मंजूर केले. त्या काळी ही रक्कम डोळे विस्फारायला लावणारी होती. विष्णुशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या वह्या मिळवल्या, ताडून पाहिल्या आणि इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ ते १८७३ या काळात दोन भागांत साडेचार हजारांहून अधिक अभंग प्रसिद्ध केले. तुकोबा वारकऱ्यांच्या मुखी दोनशे वर्षं होतेच. पण प्रार्थना समाजातल्या सुधारकांपासून विद्यापीठातल्या प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांना एकच प्रत समोर ठेवून तुकोबांवर बोलता येऊ लागलं, ते या आवृत्तीमुळे.

आता त्याच काळात दुसऱ्या बाजूला काय चाललं होतं ते पाहा. ‘नवनीत’ निघालं त्याच्या पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं. कमिटीने ते स्वीकारलं नाही. त्याच वर्षी फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध मिशनऱ्यांच्या ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ प्रसिद्ध झालं. १८८५ च्या ग्रंथकारांच्या संमेलनाचं निमंत्रण फुल्यांनी पत्र लिहून नाकारलं. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला जागा नाही, त्यांच्या सभेत आमचं काय काम, असा त्या पत्राचा रोख होता.

‘तृतीय रत्न’ प्रथम छापलं गेलं १९७९ मध्ये. ताराबाईंचं पुस्तक स. गं. मालशे यांनी शोधून पुन्हा प्रसिद्ध केलं १९७५ मध्ये. म्हणजे एका नाटकाला सव्वाशे वर्षं वाट पाहावी लागली आणि एका पुस्तकाला त्र्याण्णव. मराठी नाटकाचा आणि मराठी निबंधाचा इतिहास या मधल्या काळात लिहून, शिकवून, परीक्षेत विचारून झालासुद्धा. काळ हाच खरा परीक्षक, असं आपण नेहमी म्हणतो. पण काळापुढे जे आणलंच जात नाही, त्याची परीक्षा काळ कशी करणार?

नुसतं छापून येणंही पुरत नाही, हे गोव्याने दाखवलं. फादर स्टीफन्स यांचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला रोमन लिपीत छापलं गेलं. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ. त्याच्या सतराव्या शतकातच आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पुढे १६८४ च्या पोर्तुगीज फर्मानाने स्थानिक भाषांवर गदा आली, आणि घाटावरच्या मराठी पंडितांना रोमन लिपीतला ओवीबद्ध ग्रंथ आपला वाटण्याचं कारण नव्हतं. जुन्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ मध्ये मंगळूरला सालढाण्यांनी तो पुन्हा छापला, तेव्हा कुठे वाङ्मयेतिहासात त्याची नीट नोंद होऊ लागली.

फिनलंडची कहाणी यापुढे ठेवून पाहावी. सहाशे वर्षं स्वीडनची आणि १८०९ नंतर रशियाची सत्ता असलेल्या त्या देशात शिक्षितांची भाषा स्वीडिश होती. फिनिशमध्ये नाव घेण्याजोगं साहित्य नाही, असा समज होता. एलियास ल्योनरोट नावाचा डॉक्टर खेडोपाडी फिरून अक्षरशत्रू गाणाऱ्यांची गाणी उतरवून घेऊ लागला. आर्हिप्पा पेर्ट्टुनेन या वृद्ध शेतकऱ्याने त्याला हजारो ओळी गाऊन दाखवल्या. ल्योनरोटने त्या गाण्यांची एक कथा ओवली आणि १८३५ मध्ये ‘कालेवाला’ प्रसिद्ध केलं. १८४९ च्या वाढवलेल्या आवृत्तीत पन्नास सर्ग आणि जवळजवळ तेवीस हजार ओळी झाल्या. २८ फेब्रुवारी हा दिवस फिनलंड आजही ‘कालेवाला’चा म्हणून साजरा करतो. पुस्तकावर नाव संपादकाचं राहिलं, गाणारे मागे पडले, हा दोष तिथेही आहेच. पण निरक्षर माणसांच्या तोंडचं गाणं राष्ट्राचं महाकाव्य मानायला तो समाज कचरला नाही.

आपल्या जात्यावर बसलेल्या बायका शतकानुशतकं काय रचत होत्या? साने गुरुजींनी त्यांच्या ओव्या जमवल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या. पिठाच्या गिरणीमुळे जातं थांबत चाललं असताना हे काम झालं म्हणून त्या ओव्या वाचल्या. इतक्या मोठ्या काव्याला आपण अजून ‘लोकसाहित्य’ या वेगळ्या कप्प्यात ठेवतो आणि मराठी कवितेचा इतिहास त्याच्याशिवाय सांगतो. हा अन्याय आहे.

यादी बदलते कशी, याचा धडा दलित साहित्याने दिला. १९५८ मध्ये मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं आणि अण्णाभाऊ साठ्यांनी त्याचं उद्घाटन केलं. पुढे ‘अस्मितादर्श’सारखं स्वतःचं नियतकालिक उभं राहिलं, १९७२ मध्ये ‘गोलपिठा’ आलं, १९७८ मध्ये ‘बलुतं’. या लेखकांनी मान्यतेची वाट पाहिली नाही. स्वतःची व्यासपीठं, स्वतःचे अंक, स्वतःचे समीक्षक तयार केले. विद्यापीठांचे अभ्यासक्रम त्यांच्यामागून आले. यामुळे तुकोबा किंवा मोरोपंत लहान झाले नाहीत. उलट, अण्णाभाऊंच्या शेजारी ठेवल्यावर तुकोबांची भाषा आपल्याला नव्याने ऐकू आली.

म्हणून अभिजात दर्जा मिळाल्यावर आपलं काम संपलं नाही, सुरू झालं आहे. आपली यादी पवित्र मानून तिची पूजा करण्यापेक्षा तिचे दरवाजे उघडे ठेवावेत. सरकारने सोहळ्यांवरचा खर्च आवरून पोथ्यांच्या सूची, जुन्या नियतकालिकांचं जतन आणि स्वस्त, नेटक्या आवृत्त्या यांना पैसा द्यावा. शिक्षकांनी वर्षातून एक तरी पाठ क्रमिक पुस्तकाबाहेरचा शिकवावा. आणि वाचकहो, तुमच्या माळ्यावर आजोबांच्या वह्या, जुने अंक, आजीने लिहून ठेवलेल्या ओव्या असतील, तर दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत घालू नका. जवळच्या ग्रंथसंग्रहालयात नेऊन द्या.