भागधारकाचे कर्म

यावलला महर्षी व्यासांचे मंदिर आहे. आणि ज्या ग्रंथकाराने कर्माचा अधिकार व फलाची आसक्ती यांतील भेद प्रत्यक्ष भगवंताच्या मुखी घातला, त्याच्याच गावी केळीच्या भावाइतक्या तळमळीने विप्रोच्या तिमाही नफ्याचा खल व्हावा, यात मला कोणतीही विसंगती वाटत नाही. ती कंपनी आपल्याच मुलखातली. तापीपलीकडे अमळनेरात महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी १९४५ साली तिची स्थापना करून वनस्पती तुपाचा कारखाना काढला आणि तिचे भाग तेथील अनेक घरांत पोहोचले. प्रतापशेठजींचे तत्त्वज्ञान मंदिरही त्याच गावचे, १९१६ सालचे.

एप्रिल २०२४ मध्ये विप्रोचे मुख्य कार्यकारी अधिकारी थिएरी डेलापोर्ट मुदतीपूर्वीच पायउतार होऊन श्रीनिवास पल्लिया आले, तेव्हा एक पक्ष म्हणे, "विकून मोकळे व्हा", दुसरा म्हणे, "वडिलांनी ठेवले म्हणून घर उभे राहिले, हात लावू नका." दोघांचेही प्रमाण एकच, फळ; एकाचे हुकलेले, दुसऱ्याचे लाभलेले.

१९६६ साली वडिलांच्या निधनामुळे एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी कारभार पाहू लागले, तेव्हा एका भागधारकाने भर वार्षिक सभेत, तुम्हांला हे पेलणार नाही, अनुभवी माणसाच्या हाती कंपनी द्या, असे त्यांना बजावले, ही आठवण स्वतः प्रेमजींनीच सांगितलेली आहे. पुढील इतिहासाने त्या गृहस्थाचा अंदाज खोटा ठरविला. परंतु अंदाज खोटा ठरला म्हणून त्याचे कर्म अनुचित ठरत नाही, कारण मालकीचा अंश ज्याच्या हाती आहे त्याने कारभाऱ्याला तोंडावर प्रश्न विचारणे हे त्याचे विहित कर्तव्यच होय. उलटपक्षी, पत्र्याच्या ट्रंकेत सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली जी भागपत्रे पिवळी पडत राहिली आणि वारसांना कोट्यधीश करून गेली, त्यांचे मालक अनासक्त होते असे म्हणवत नाही; कित्येकांना त्यांचा केवळ विसर पडला होता, आणि विस्मरणाला वैराग्याची प्रतिष्ठा देणे हा गीतेवर अन्याय आहे. कायदाही हा भेद जाणतो: सलग सात वर्षे लाभांश उचलला नाही, तर ते भाग सरकारी निधीत वर्ग होतात.

मग फलत्याग कशाला म्हणावे? ज्यांच्या कुवतीविषयी शंका घेतली गेली, त्याच प्रेमजींनी २०१९ पर्यंत कंपनीच्या ६७ टक्के भागांचा आर्थिक लाभ लोककल्याणासाठी अर्पण केला आणि कारभाराची जबाबदारी मात्र त्या वर्षी कार्यकारी अध्यक्षपदावरून निवृत्त होईपर्यंत सोडली नाही. कर्म ठेवून फळ सोडण्याचे इतके स्वच्छ उदाहरण व्यापारात मला दुसरे ठाऊक नाही. प्रत्येकाने एवढे द्यावे, असे कोणी म्हणणार नाही. पण वार्षिक सभेची नोटीस घरी येते, तेव्हा ती रद्दीत न टाकता अहवाल उघडावा, शंका लेखी विचारावी आणि आपले मत नोंदवावे, एवढे तर खानदेशातल्या प्रत्येक भागधारकाला करता येईल.