घाव कुणावर बसतो

आमच्या येझदीचा आवाज वेशीपासून ओळखू यायचा. १९८३ साली वडिलांनी उसाच्या बिलातून ती घेतली. म्हैसूरच्या कारखान्यातली, अडीचशे सीसीची, दोन सायलेन्सरची. किक आणि गिअर यांची दांडी एकच, हे नव्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. पुढं दोनच वर्षांत आमचं घरही दोन झालं. वाटणीत गाडी माझ्याकडं आली आणि कालांतरानं गोठ्यात कडब्याच्या आडोशाला पडून राहिली.

दोन वर्षांपूर्वी ती चालू करायचं मनावर घेतलं. शेतकऱ्याला वाटतं, आपण विहिरीत उतरून पंप दुरुस्त करतो, मग गिअरबॉक्सचं काय एवढं! या गाडीचं इंजिन भुईमुगाच्या शेंगेसारखं मधोमध उकलावं लागतं, तेव्हा कुठं आतले गिअर दिसतात. ते उकललं. जुनी बेरिंगं गंजली होती, ती काढली. नवी आणली, तेल लावलं, बेरिंगाच्या आतल्या रिंगेवर पाइपचा तुकडा धरला आणि हातोडीनं ठोकून बसवली. आतल्याच रिंगेवर का? तर हाताला लागलेला पाइप तिच्यावर बरोबर बसत होता. दुसरं काही कारण नाही.

बेरिंग बसलं. बोटानं फिरवलं, फिरलं. गाडी चालू झाली, गावातून दोन चकरा मारल्या, लोकांनी हात केले. तीन महिन्यांनी गिअरबॉक्समधून घुंऽऽ असा आवाज यायला लागला. आधी बारीक, मग बोलणं ऐकू येईना इतका.

तालुक्याला एक मेकॅनिक आहे. पोरगा तिशीतला, पण जुन्या गाड्यांवर हात बसलेला. त्यानं इंजिन पुन्हा उकललं, एक बेरिंग कापलं आणि आतली रिंग माझ्या तळहातावर ठेवली. "नाना, नखानं बघा." छर्रे पळतात त्या गुळगुळीत वाटेवर नख फिरवलं तर ठराविक अंतरावर अडकायचं. मोजलं. छर्रे आठ, खड्डेही आठ.

"घट्ट बसायची होती बाहेरची रिंग," तो म्हणाला. "तुमी हाणलं आतलीवर. मग जोर गेला कुठनं? ह्या छर्‍यांतनं. बेरिंग बसलं खरं, पर बसतानाच मेलं. आवाज तेवढा उशिरा आला."

मग त्यानं रीत सांगितली. जी रिंग घट्ट बसायची, जोर तिच्यावरच द्यायचा. केसिंगमध्ये बसवताना बाहेरच्या रिंगेवर. नंतर शाफ्ट आत घालताना उलटं, तेव्हा टेकू आतल्या रिंगेला. दोन्हीकडं एकदम घट्ट बसवायचं असेल तर दोन्ही रिंगांवर सारखी टेकेल अशी सपाट चकती घ्यायची. कसंही करा, छर्‍यांतून जोर जाता कामा नये. आणि शक्यतो ठोकायचंच नाही. केसिंग तापवायचं, बेरिंग गार करायचं. केसिंग ॲल्युमिनियमचं, बेरिंग पोलादाचं, आणि त्याच उष्णतेला ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. त्यानं डब्यातलं ६२०४ नंबरचं बेरिंग दाखवलं. आत वीस मिलिमीटर, बाहेर सत्तेचाळीस. तेवढं भोक शंभर अंशांपर्यंत तापवलं तरी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकंही मोठं होत नाही. पण तेवढं पुरतं.

नवी बेरिंगं पिशवीत गुंडाळून रात्रभर आमच्या फ्रिजच्या बर्फाच्या खणात ठेवली. मंडळी म्हणाली, "आता सायीचं भांडं कुठं ठिवू?" सकाळी मेकॅनिक घरी आला. दोन हात जास्त लागणार म्हणून मी धाकट्या भावाला हाक मारली. आई गेल्यापासून आमचं बोलणं पुन्हा चालू झालं आहे, पण अजून कामापुरतंच. शेगडीवर जाड तवा, तव्यावर केसिंग. मेकॅनिक अधूनमधून पाण्याचा थेंब टाकून बघत होता. आम्ही दोघं भाऊ शेजारी बसून होतो. काम नव्हतं, म्हणून मी त्याला त्या आठ खड्ड्यांची गोष्ट सांगायला लागलो. सांगता सांगता थांबलो.

वाटणीनंतर विहीर सामाईक राहिली आणि पाण्याच्या पाळीवरून आमचं वाजलं. तेरा वर्षं एकमेकांशी शब्द नाही. आई महिनाभर माझ्याकडं जेवायची, महिनाभर त्याच्याकडं. मला धाकट्याला जे बोलायचं असेल ते मी आईला बोलायचो. "सांग तुझ्या लाडक्याला, माझ्या पाळीला मोटर लावलीस तर वायर तोडीन." आई पदर सावरत बांधावरून पलीकडं जायची. माझा राग तिच्यावर कधीच नव्हता. पण ती हाताशी होती, आणि उलटून बोलत नव्हती. त्या पाइपसारखंच.

"आईला मी लई बोललो रे, तुझ्यापायी," मी म्हणालो.

धाकटा म्हणाला, "काय बोललास? मला तर ती म्हणायची, दादा इचारत हुता, तुझ्या वाट्याचं पानी पुरतंय का."

मी बघतच राहिलो. एका उन्हाळ्यात त्यानं दोन तास आधी मोटर बंद केली होती. माझ्या बोलण्याचा वचक बसला, असं मी इतकी वर्षं समजत होतो. मलाही आईनं एकदा सांगितलं होतं, की धाकटा म्हणतो, दादाचा ऊस पिवळा पडलाय, आधी त्यानं भिजवावा. ते त्याला विचारलं. तो खाली बघून म्हणाला, "मी असं कवा बोललो? मी तर शिव्या दिल्या हुत्या."

म्हणजे दोन्हीकडचे घाव पलीकडं गेलेच नव्हते. ते आईपाशीच राहिले.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागं लागला आहे. ज्याच्यावर आपला रोख नव्हता, त्याला लागलं तर दोष आपला का? माणूस म्हणतो, माझ्या मनात तसं नव्हतं. बेरिंगाच्या बाबतीत मी हे म्हणू शकतो, कारण मला रीत ठाऊक नव्हती. अडाण्याला एकदा माफ आहे. पण आईला त्रास होतो हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. भावाशी समोरासमोर बोललो तर तोही बोलेल, हे माहीत होतं म्हणूनच मी आईची वाट धरली. मनात नसणं ही सबब इथं चालत नाही.

मग मध्ये कुणी पडूच नये का? तसंही नाही. गावातले जुने पंच दोघांना एकदम समोर बसवायचे आणि मग तोंड उघडायचे. ती दोन्ही रिंगांवर टेकणारी चकती. आईला आम्ही तसं कधी बसू दिलं नाही. एकट्या एकट्यानं तिच्यावर हातोडी घातली. आमचं भांडण त्यामुळं पेटलं नाही, दोन्ही घरं टिकली. पण तिनं केलं त्याचा उपकार मानून आम्हाला सुटता येत नाही. शेवटच्या वर्षात ती फार कमी बोलायची. आम्ही म्हणायचो, वय झालं.

थेंब चुर्रर्र करून उडाला. मेकॅनिकनं केसिंग उचललं, मी गार बेरिंग नीट सरळ धरून सोडलं. टक्. आपल्या वजनानं तळाशी जाऊन बसलं. हातोडी भिंतीला तशीच टेकलेली होती.

गाडी आता बिनआवाजाची चालते. म्हणजे येझदीला जेवढा असावा तेवढाच आवाज. परवा पुण्याच्या मुलाशी रस्त्याकडचा तुकडा विकण्यावरून बिनसलं. सवयीनं मी मंडळींना म्हणालो, "सांग तुझ्या लेकाला..." आणि जीभ चावली. मोबाइल मागून घेतला आणि त्यालाच फोन लावला. तो भडकला, मीही भडकलो. तुकड्याचं अजून ठरलेलं नाही. मंडळी शेजारी शेंगा फोडत बसली होती, ती फोडतच राहिली.