न भिडणारी नजर

व्यक्तिचित्रातील माणसाने आपल्या डोळ्याला डोळा भिडवला म्हणजेच चित्र सजीव होते, ही समजूत पाश्चात्य तैलचित्रांच्या सहवासाने आपल्याकडे इतकी दृढ झाली आहे की, मुघल कलमातील एकाच बाजूस पाहणारी पार्श्वमुखे आपल्याला अबोल वाटू लागतात. अहमदनगरच्या निजामशाहीचा हबशी वजीर मलिक अंबर याची दोन चित्रे पाहिल्यापासून माझी तरी ही समजूत उरलेली नाही.

पहिले, डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयातले, अबुल हसनने 1616 च्या सुमारास जहांगीर बादशहासाठी रंगवले. पृथ्वीच्या गोलावर उभा राहिलेला बादशहा भाल्याच्या टोकावरील अंबरच्या मस्तकावर बाण सोडत आहे. रणांगणात जे साधले नाही ते कागदावर साधण्याचा हा खटाटोप. परंतु चित्रकाराने धन्याच्या मर्जीसाठी जे रंगवले, त्यातून धन्याचीच व्यथा उघडी पडली आहे. अवघी पृथ्वी पायांखाली असूनही बादशहाची दृष्टी त्या एका मुखावरून हलत नाही. नजरकैद झाली आहे ती बादशहाला.

दुसरे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, आणि ते रंगवणारा हाशिम हाही मुघल चित्रशाळेतलाच. पांढऱ्या जाम्यातला, वयाने जडावलेला अंबर शांतपणे उभा आहे. आपल्याकडे तो पाहत नाही, बादशहाकडेही नाही. ज्या दृष्टीने जमिनीचा कस पारखून धारा ठरवला आणि त्या जमाबंदीला 'मलिकंबरी' हे नाव मिळवून दिले, ज्या दृष्टीने 1624 साली नगरजवळच्या भातवडीला मुघल आणि विजापूरकर यांच्या एकवटलेल्या फौजांचा मोड करण्याची जागा हेरली, ती दृष्टी चित्राच्या चौकटीबाहेरच्या कोणत्या तरी कामात गुंतलेली आहे, असे मला ते चित्र पाहताना दर वेळी वाटते. ती आपल्याला भिडली असती तर आपण तिच्यात वैर, कारुण्य किंवा याचना, हवे ते वाचले असते. भिडत नाही म्हणून ती त्याचीच राहते. शत्रूच्या पदरी असलेल्या हाताने ती तशी राहू दिली, याचे मोल मी फार मोठे मानतो.

अंबरचे मस्तक प्रत्यक्षात कधीच भाल्यावर चढले नाही. 1626 मध्ये तो वृद्धापकाळाने वारला, खुलदाबादला त्याची कबर आहे; आणि त्याच्यावर बाण रोखून उभा असलेला बादशहा पुढल्याच वर्षी मरण पावला.