लेकराच्या वाट्याची तारीख

न्यायाला उशीर झाला तर तो दोष कोणाचा, असें कोणी विचारलें म्हणजे आपण न्यायालयाकडे बोट दाखवून मोकळे होतों. पण वाचकहो, प्रश्न इतका सोपा नाहीं. अन्याय झालेलें माणूस प्रौढ असेल तर उशीर म्हणजे हक्क मिळण्यास लागलेला वेळ. तें माणूस म्हणजे आठ वर्षांची मुलगी असेल तर उशीर ही दुसरी इजाच होय, असें आमचें मत आहे. पहिली इजा बहुधा एकाच्या हातून होते. दुसरीला पुष्कळांचे हात लागतात.

बालकांवरील लैंगिक अत्याचारांविषयींचा २०१२ चा कायदा, ज्याला लोक ‘पोक्सो’ म्हणतात, तो ही गोष्ट जाणूनच केलेला आहे. मूल मुलगा असो वा मुलगी, विशेष न्यायालयानें अपराधाची दखल घेतल्यापासून ३० दिवसांच्या आंत त्याची साक्ष नोंदवावी, उशीर झाल्यास कारणें लिहून ठेवावीं, आणि शक्य तोंवर एका वर्षांत खटला संपवावा, असें त्याच्या ३५ व्या कलमांत आहे. तरीही वर्षामागून वर्षें रेंगाळलेले खटले पुष्कळ आढळतात. कारणें विचारलीं तर प्रत्येक कारण खरें असतें: प्रयोगशाळेचा अहवाल आला नाहीं, तपास करणारा अंमलदार बंदोबस्तावर गेला, वकिलांनीं मुदत मागितली, न्यायाधीशांची बदली झाली. ह्यांतल्या एकाचेंही त्या लेकराशीं वैर नसतें. पुढची तारीख पडते, एवढेंच.

मोठ्या माणसाला तीन वर्षें म्हणजे तीन पिकें. आठ वर्षांच्या मुलीला तीं तिच्या आठवणींतल्या साऱ्या आयुष्याएवढीं वाटतात. ती तिसरींतून सहावींत जाते, उंची वाढते, मैत्रिणी बदलतात. आणि ह्या सगळ्या वाढीबरोबर एकच गोष्ट तिनें जशीच्या तशी जपून ठेवावी, अशी अपेक्षा असते. घरचीं माणसें म्हणतात, “विसरूं नकोस हं बाई, कोर्टांत सांगायचें आहे.” तींच माणसें, ती रात्रीं दचकून उठली म्हणजे म्हणतात, “जाऊं दे, विसरून जा.” दोन्ही बोलणीं मायेचीं, पण दोन्ही एकदम पाळणें थोरांनाही जमणार नाहीं. मग साक्षीच्या दिवशीं वार कोणता, दिवा लागला होता काय, सदऱ्याचा रंग कोणता, असें विचारतात. पहिल्या जबाबांत आणि ह्या साक्षींत फरक पडला कीं मुलगी खोटें बोलते असा संशय येतो. मधल्या काळानें झिजवलेल्या आठवणीचा दोष तिच्या माथीं बसतो.

येथें कोणी म्हणेल, घाईनें निरपराध मनुष्य अडकला तर? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं; उलटतपासणी झालीच पाहिजे. पण उशिरानें निरपराध्याचें तरी भलें होतें काय? १९७९ मध्यें बिहारांतील कच्च्या कैद्यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें, त्वरित चौकशी हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमांतील हक्काचाच भाग होय, असें ठरविलें. त्यांतले कित्येक जण, अपराध शाबीत झाला असता तरी भोगावा लागला नसता इतका काळ तुरुंगांत पडून होते.

उशिराचा खरा फायदा होतो तो मिटवामिटवी करणाऱ्यांना. खटला लांबला कीं गांवांतील चार प्रतिष्ठित माणसें ओट्यावर येऊन बसतात. पोरीचें लग्न व्हायचें आहे, तो भावकींतलाच आहे, कोर्टाच्या खेपांत मजुरी बुडते, असें समजावतात. (इजा मुलाला झाली असेल तर बोभाटा नको म्हणून बाप आधींच गप्प असतो.) राजस्थानांत एका शिक्षकाविरुद्धचें असेंच प्रकरण बापाशीं तडजोड झाली म्हणून उच्च न्यायालयानें रद्द केलें होतें, २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय फिरविला. हा बांधाचा तंटा नव्हे. बापानें क्षमा केली असें म्हणतात. परंतु जी जखम मुलीच्या अंगावर झाली तिची क्षमा बापानें कोणत्या अधिकारानें करावी? मंडळींतील वडीलधाऱ्यांनीं, आणि विशेषतः क्षमेचा उपदेश करणाऱ्यांनीं, ह्याचें उत्तर मनाशीं दिल्यावांचून असल्या ओट्यावर पाय ठेवूं नये.

तारीख लवकर पाडणें आपल्या हातीं नाहीं. ती येईपर्यंतचे दिवस मात्र पुष्कळसे आहेत. २०२० च्या नियमांप्रमाणें बाल कल्याण समितीकडून मुलासाठीं सहाय्यक व्यक्ति मिळूं शकते, आणि निकालापूर्वींही विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊं शकतें. पण अर्ज लिहून देणारें कोणी नसलें कीं सारें कागदावरच राहतें. तो अर्ज उपदेशकानें लिहावा. मुलीचें नांव कोठेंही, मंडळीच्या प्रार्थनेंतसुद्धां, उच्चारूं नये. जिल्ह्याच्या गांवीं जाण्याच्या दिवशीं तिची शाळा बुडते, त्याविषयीं, कारणाची चर्चा न करितां, मुख्याध्यापकांशीं अगोदर एकट्यानें बोलून ठेवावें, म्हणजे दुसऱ्या दिवशीं भरल्या वर्गांत “काल कोठें होतीस?” असें तिला कोणी विचारणार नाहीं.