डाव्या हाताला कळले तर?

जून महिन्यातील एका रविवारी, सकाळची मिस्सा आटोपून, आम्ही आमच्या परिसरातील एका सेवा क्लबच्या कार्यक्रमास पाहुणे म्हणून गेलो होतो. गरजू विद्यार्थ्यांना वह्या-दप्तरांचे वाटप आणि त्याच व्यासपीठावर वर्षभरातील उत्तम कार्याबद्दल सभासदांना मानचिन्हे, असा दुहेरी सोहळा होता. नाव पुकारताच एकेक मूल पुढे येई, पाहुण्यांच्या हातून वह्यांचा गठ्ठा घेई आणि छायाचित्रासाठी क्षणभर थांबे. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी मात्र गठ्ठा हाती येताच तो चेहऱ्यासमोर धरून उभी राहिली. "बाळ, वह्या खाली घे, तोंड दिसत नाही," छायाचित्रकार प्रेमाने म्हणाला. तिने वह्या खाली घेतल्या. पण मान वर केली नाही. त्या गठ्ठ्याचे दुसरे टोक आमच्या हातात होते.

त्या दिवसापासून एक प्रश्न आमची पाठ सोडीत नाही. सत्कार स्वीकारल्याने सत्कर्म उणे होते काय? आणि होत नसेल, तर त्या मुलीची मान का खाली गेली?

सेवा क्लबांची थट्टा करणे सोपे आहे. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि लांबलचक आभारप्रदर्शन यांवर आपण सारेच हसतो. परंतु हसण्यापूर्वी त्यांचे काम पाहिले पाहिजे. १९०५ साली शिकागो शहरात पॉल हॅरिस या वकिलाने तीन परिचितांसह पहिली बैठक घेतली, तीतून रोटरीचा जन्म झाला. १९१७ साली मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने लायन्स क्लबांची संघटना उभी राहिली. १९२५ साली तिच्या अधिवेशनात हेलन केलर यांनी अंधांचा कैवार घेण्याचे आवाहन केले आणि लायन्सनी दृष्टिसेवा हे आपले व्रत मानले. गावोगावच्या नेत्रशिबिरांत मोतीबिंदू काढून घेऊन ज्या आजी पुन्हा स्वतःच्या हाताने तांदूळ निवडू लागल्या, त्यांना त्या व्रताचे मोल आपण समजावून सांगण्याची गरज नाही.

पोलिओची कथा तर याहून मोठी आहे. जगातील बालकांना या रोगापासून वाचविण्याचा संकल्प रोटरीने १९८५ साली सोडला. २००९ साली एकट्या भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण नोंदले गेले होते. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील एका बालिकेस झालेली बाधा ही आपल्या देशातील नैसर्गिक पोलिओ-विषाणूची अखेरची नोंद ठरली आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. यात शासनाचे आणि दारोदार फिरणाऱ्या आरोग्यसेविकांचे श्रम फार मोठे. परंतु पैसा आणि माणसे उभी करणाऱ्या रोटरी सभासदांचा वाटाही लहान नाही. रोटरी प्रतिष्ठानास एक हजार डॉलर देणाऱ्याचा 'पॉल हॅरिस फेलो' म्हणून गौरव होतो. त्या गौरवाच्या ओढीने कोणी पाकीट उघडले असेलही; पण त्या पैशातून आलेली लस बाळाच्या जिभेवर पडताना दात्याच्या हेतूने कडू झाली नाही. एवढे कार्य गुपचूप होणे शक्य नव्हते.

मग प्रभू येशूच्या शिकवणीचे काय? उजवा हात काय देतो ते डाव्यास कळू नये, असा धडा आपण बालपणापासून घोकला आहे. दान देताना पुढे कर्णे वाजविणाऱ्यांना त्यांचे प्रतिफळ मिळून चुकले, असेही आपण ऐकतो. पण संत मत्तयच्या शुभवर्तमानात, त्याच डोंगरावरील प्रवचनात, थोडे आधी, दिवा मापाखाली झाकू नये, आपली सत्कृत्ये लोकांच्या दृष्टीस पडावीत, असेही सांगितले आहे. झाकावे की दाखवावे? आम्हांस वाटते, दिव्याच्या दृष्टान्तातच उत्तराची दिशा आहे. दिवा दिवठणीवर ठेवावयाचा तो घरातील सर्वांना दिसावे म्हणून. दुसऱ्याची उघडी जखम चारचौघांना दिसावी म्हणून नव्हे. प्रश्न उजेडाचा नाही. तो कोणावर पडतो, याचा आहे.

बाराव्या शतकातील यहुदी तत्त्वज्ञ मैमोनिदीस याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. सर्वांत वरची पायरी म्हणजे माणसाला काम, भांडवल किंवा भागीदारी देऊन पुन्हा मागण्याची वेळच येऊ न देणे. तिच्या खालची पायरी, देणाऱ्याने घेणाऱ्यास आणि घेणाऱ्याने देणाऱ्यास न ओळखणे. पूर्वीचे थोर धर्मपंडित कापडाच्या टोकात नाणी बांधून ते पाठीवर टाकीत आणि गरजू लोक मागून येऊन ती घेत, म्हणजे त्यांना लाजण्याचे कारण उरत नसे, असे त्याने नोंदविले आहे. दात्याच्या पुण्याइतकीच घेणाऱ्याची लाज येथे मोजली आहे. हीच दृष्टी आम्हांस फ्रेडरिक ओझानम यांच्या कार्यात दिसते. १८३३ साली पॅरिसमध्ये, अवघ्या विसाव्या वर्षी, त्यांनी सोबत्यांसह जी संस्था सुरू केली, तीच आज अनेक धर्मग्रामांत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी म्हणून परिचित आहे. गरिबाला व्यासपीठावर न बोलावता आपण त्याच्या घरी जावे, त्याच्या उंबरठ्यावर आपण पाहुणे व्हावे, ही तिची रीत.

पुरस्काराचा धोका गर्वापुरताच आहे असेही नव्हे. जे मोजता येते आणि छायाचित्रात मावते, त्याकडेच पुरस्कार आपले लक्ष वळवितो. तीनशे दप्तरे अहवालात शोभतात. अंथरुणाला खिळलेल्या शेजाऱ्याजवळ रोज अर्धा तास बसणे कोणत्या रकान्यात लिहावे? हातात खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या आणि कोणास पाया पडू न देणाऱ्या गाडगेबाबांच्या नावाने महाराष्ट्र शासनाने २०००-०१ साली ग्राम स्वच्छता अभियान सुरू केले. त्यात गावांसाठी बक्षिसे होती. बक्षिसासाठी का होईना, गाव झाडले गेले तर ते चांगलेच. मात्र परीक्षणाचे पथक परतल्यावर दुसऱ्या दिवशी खराटा कोण उचलतो, यावरून गावाची खरी ओळख पटते.

आणि आपण तरी कोणाला नावे ठेवावीत? चर्चमधील बाकांवर, कपाटांवर, पंख्याच्या पात्यांवरसुद्धा दात्यांची नावे रंगविलेली आपण पाहतो. पंखा फिरू लागला की नाव दिसेनासे होते आणि वारा मात्र सर्वांना मिळतो. दानपेटीत दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेचे नाव शुभवर्तमानातही नाही. तिचे दान मात्र प्रभूच्या नजरेतून सुटले नाही.

कार्यक्रमानंतर आम्ही क्लबच्या अध्यक्षांपाशी ही रुखरुख बोलून दाखविली. ते रागावले नाहीत. म्हणाले, "तुमचे पटते हो, पण देणगीदार पुरावा मागतात. छायाचित्र नसेल तर पुढच्या वर्षी वह्या कोठून आणू?" त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. देणगीदारास हिशेब मागण्याचा अधिकार आहे आणि संस्थेने तो पै-पैशासह उघडा ठेवलाच पाहिजे. परंतु हिशेब म्हणजे पावती, खरेदीची नोंद, शाळेचे पत्र. मुलाचा चेहरा म्हणजे पावती नव्हे. सभासदांचा सत्कार खुशाल व्हावा, त्यांचे छायाचित्रही छापावे. त्यांनी ते श्रमाने मिळविले आहे आणि त्यांच्याकडे पाहून आणखी चार हात पुढे येतील. वह्या मात्र शिक्षकांच्या हाती द्याव्यात आणि वर्गात, इतर पुस्तकांसोबत, गाजावाजा न करता मुलांपर्यंत पोहोचाव्यात. हिशेब उघडा असावा आणि घेणारा हात झाकलेला असावा, एवढीच आमची विनंती होती. "बघू या," असे ते म्हणाले. आम्ही त्यांच्या शब्दावर विसंबून आहोत.

आमचा स्वतःचा हिशेब मात्र अजून जुळलेला नाही. त्या दिवशी गठ्ठ्याचे दुसरे टोक आमच्या हातात असताना, "राहू दे, छायाचित्र नको," एवढे चार शब्द आम्हांस उच्चारता आले असते. आम्ही ते उच्चारले नाहीत. कारण आम्ही त्या वेळी कॅमेऱ्याकडे पाहत होतो.