खारट कपाळ

ज्या बालकाच्या कपाळाचे चुंबन घेताना ओठांना खारटपणा जाणवतो ते अल्पायुषी, अशी समजूत युरोपात शतकानुशतके चालत आली होती. त्या खारटपणाचे मूळ सातव्या गुणसूत्रावरील एका जनुकात आहे, हे १९८९ साली उलगडले. उत्तर युरोपीय वंशात दर २५ जणांमागे सुमारे एक या सदोष जनुकाचा वाहक असतो, स्वतः निरोगी; परंतु पतिपत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत सिस्टिक फायब्रोसिसचा, म्हणजे त्या खारट कपाळामागच्या आजाराचा, संभव ४ मध्ये १.

१९९० नंतर एडिंबरोत गर्भवती वाहक आहेत का याची तपासणी होऊ लागली, तेव्हा प्रश्न आला निकाल कळवण्याचा. आधी पत्नीला वाहक ठरवून मग पतीला पाचारण करावे, तर मधले दिवस तिने एकटीने, जणू अपराध आपलाच, अशा मनःस्थितीत काढायचे. म्हणून दोघांचे नमुने एकदम घेऊन दोघांच्या नावे एकच दाखला देण्याची रीत निघाली. दोघांपैकी एकच वाहक असेल, तर तो कोण हे सांगायचेच नाही! त्यातली करुणा मला मान्य आहे. तरीही अशा वाहक पत्नीची धाकटी बहीण, कदाचित तीही वाहक, उद्या बोहल्यावर चढेल, आणि तिला सावध करणारे कोणी नसेल.